फ्राइड गेला, अकुन्या परतला. आमच्या घरात पहाटेचा सामना कुणाचा लावायचा?

तारवटी_डिचोली:

मंडळी, बेसबॉल बघणारे आपल्यात थोडेच आहेत हे ठाऊक आहे. तरी इथेच विचारतो, कारण हे घरातलं भांडण आहे आणि ते आपल्याच माणसांना कळेल.

मी क्रूझच्या जहाजावर गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात आहे, चौदा वर्षं झाली. कॅरिबियनच्या फेऱ्यांत आमचं जहाज कुरासाव बेटाच्या विलेमस्टाड बंदराला लागायचं. माझ्याबरोबर भाजी कापायला तिथलाच एक जण होता. त्या बेटावर अटलांटा ब्रेव्हज हा अमेरिकेतला बेसबॉल संघ म्हणजे विश्वचषकाच्या वेळी आपल्याकडे ब्राझील नाहीतर पोर्तुगाल असतं तसं. आधी अँड्र्यू जोन्स तिथून अटलांटाला गेला, मग ऑझी ऑल्बीज. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ऑल्बीज पहिल्यांदा खेळला तेव्हा ह्याने मला मेसमधल्या टीव्हीसमोर बसवून एकेक नियम समजावला. त्याच महिन्यात मॅक्स फ्राइड नावाचा डावखुरा पिचरही (आपल्या भाषेत गोलंदाज) अटलांटाकडून पहिल्यांदा उतरला. तेव्हापासून मी अटलांटाचा.

२०२० च्या मार्चनंतर जहाजं थांबली. मी घरी आलो आणि सव्वा वर्ष घरीच राहिलो. पगार नाही, कंपनीचा फोन नाही, दर महिन्याला "कळवतो" एवढाच निरोप. जुलैच्या शेवटी रिकाम्या स्टेडियममध्ये बेसबॉल सुरू झालं. अटलांटाचा संध्याकाळी सव्वासातचा सामना म्हणजे आपल्याकडे पहाटेचे पावणेपाच. बाबा तेव्हा उठलेलेच असायचे. त्यांनी सत्तावीस वर्षं खनिजाच्या बार्जवर काढली. सारमानसच्या धक्क्यावर माल भरायचा आणि मांडवीने मुरगावला न्यायचा. पावसाळ्यात आग्वादचं तोंड बंद झालं की कुंभारजुव्याच्या कालव्यातून. सगळी झोप भरती-ओहोटीवर. खाणी बंद पडल्या, बार्ज उभी राहिली, तरी चारला त्यांचा डोळा उघडतोच.

सुरुवातीला ते नुसते सोबतीला बसत. मग एक दिवस विचारलं, "हा डावरा कोण?" त्या छोट्या मोसमात फ्राइडने सात सामने जिंकले, एकही हरला नाही. दर नऊ इनिंगला दिलेल्या धावांची सरासरी २.२५. आकडे बाबांच्या कामाचे नव्हते. त्यांना आवडला तो त्याचा कर्व्हबॉल. आधीचा चेंडू ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि मग त्याच हाताच्या झटक्याने एकशेवीसचा, जो खांद्याच्या उंचीवरून निघतो आणि फलंदाजाच्या गुडघ्याशी जाऊन पडतो. बाबांनी फळांच्या टोपलीतून मोसंबं उचललं, मधलं बोट सालीवर दाबलं, अंगठा खाली ठेवला आणि मनगट फिरवून बघत बसले. अर्धा तास. आई चहा घेऊन आली तेव्हा मोसंबं सोप्यावरून घरंगळत तुळशीपर्यंत गेलं होतं.

पिचर पाचव्या दिवशी खेळतो हे कळल्यावर तर ते त्याचेच झाले. "फलंदाज रोज येतो. आज चुकला तर उद्या आहे. ह्याची मात्र पाळी असते," असं म्हणायचे. भिंतीवरच्या कालनिर्णयात एकादशीच्या शेजारी ते पेन्सिलीने "डा" लिहून ठेवत. चार दिवस मी एकटा बघायचो, पाचव्या दिवशी आम्ही दोघं.

२०२१ च्या ३ नोव्हेंबरची पहाट मी कधी विसरणार नाही. वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, ह्यूस्टनमध्ये. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी, म्हणून आमच्या वाड्यावरची पोरं रात्रभर नरकासुर उभा करून त्याच्याच पायाशी झोपली होती. धड झालेलं, मुखवटा अजून ओला. पहिल्याच इनिंगमध्ये फ्राइड पहिल्या बेसवर, म्हणजे धावपटूच्या पहिल्या थांब्यावर, धावत आला आणि ह्यूस्टनच्या ब्रँटलीचा बूट थेट त्याच्या घोट्यावर पडला. पाय असा मुडपला की मी डोळे मिटले. बाबा उभे राहिले. फ्राइड लंगडत दोन पावलं चालला, पाय झटकला आणि परत टेकडीवर, म्हणजे पिचरच्या मातीच्या उंचवट्यावर गेला. सहा इनिंग, एक धाव नाही. अटलांटा ७-० ने जिंकलं, वर्ल्ड सिरीज घेतली. पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला तेव्हा बाबा अजून उभेच होते.

अटलांटाचा फलंदाज रोनाल्ड अकुन्या त्या विजयात नव्हता, लक्षात घ्या. त्या जुलैत मायामीला कुंपणाजवळ झेल घ्यायला उडी मारली आणि खाली येताना उजवा गुडघा गेला. मग २०२३ मध्ये त्याने ४१ होमरन आणि ७३ चोरलेले बेस (फटका नसताना, पिचरची नजर चुकवून धावत गाठलेला पुढचा बेस) असं वर्ष काढलं की चाळीस आणि सत्तर असा मेळ आजवर कुणालाच जमलेला नाही. आणि २०२४ च्या मे महिन्यात डावा गुडघा.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, आपल्याकडे घटस्थापनेची सकाळ होती, फ्राइड अटलांटाकडून शेवटचं खेळला. सॅन दिएगोत. पहिल्याच इनिंगमध्ये एक फटका थेट त्याच्या कमरेवर आदळला. दोन इनिंगमध्ये पाच धावा दिल्या, आपण ५-४ ने हरलो. २०१२ मध्ये ज्या शहराने त्याला सगळ्यात आधी निवडलं होतं तिथेच हे व्हावं. डिसेंबरात तो न्यूयॉर्क यँकीजकडे गेला: आठ वर्षं, २१ कोटी ८० लाख डॉलर.

आता भांडण. बाबा फ्राइडबरोबर गेले. न्यूयॉर्कचा सामना, डावऱ्याची पाळी, तेवढंच बघतात. मी अटलांटा सोडू शकत नाही. २०२५ मध्ये आपण पहिले सातच्या सात सामने हरलो, तरी मी बसलो. २४ मेच्या पहाटे, मी रजेवर होतो, जवळजवळ वर्षाने अकुन्या परतला आणि त्याच्याकडे आलेला पहिलाच चेंडू त्याने ४६७ फूट भिरकावला. पुन्हा सॅन दिएगोविरुद्धच! मी ओरडलो, शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. बाबा स्वयंपाकघरातून म्हणाले, "आज डावरा आहे काय?" मी नाही म्हटलं. ते आले नाहीत.

मला तीन गोष्टी मनापासून विचारायच्या आहेत. फ्राइडला जाऊ देणं ही अटलांटाची चूक होती का? अकुन्याने आता धावणं कमी करावं का? आणि बाबांना परत आपल्या बाजूला आणायला मी काय करू?

---

मध्यमगती_फोंडा:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण वीस वर्षं डाव्या हाताने गोलंदाजी केली आहे आणि कोपर दुखतं म्हणजे काय ते मला माहीत आहे.

अटलांटाची भीती खोटी नव्हती. फ्राइडच्या कोपरावर २०१४ मध्येच टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली होती. तिच्यात तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी अंगातलाच दुसरीकडचा स्नायुबंध ओवून बसवतात. २०२३ मध्ये परत हाताने त्रास दिला, जेमतेम चौदा सामने सुरू करू शकला. आठ वर्षांचा करार म्हणजे वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत. त्यातून ह्या संघाची रीतच अशी आहे की पोरगा लहान असताना त्याला लांब मुदतीला बांधायचं. अकुन्याला २०१९ मध्ये आठ वर्षांसाठी दहा कोटीत बांधलं. आज त्याला वर्षाला एक कोटी सत्तर लाख मिळतात आणि फ्राइडची सरासरी पावणेतीन कोटींच्या आसपास जाते. बाजारात उभा राहिलेला माणूस अटलांटा सहसा विकत घेत नाही. फ्रीमन डॉजर्सला गेला, स्वान्सन कब्जला गेला, आता हा.

तरीही मी म्हणेन, चुकले. गोलंदाजाची किंमत त्याच्या उत्तम दिवसावर करायची नसते, तो हजर किती दिवस असतो त्यावर करायची. २०२५ मध्ये काय झालं बघा. अटलांटाच्या पिचरांपैकी लोपेझचा खांदा एका सामन्यातच गेला. सेलची बरगडी मोडली, स्मिथ-शॉवरचं कोपर गेलं, श्वेलेनबाखचं कोपर गेलं. आणि तिकडे ज्याच्या हाताची भीती वाटत होती तो १९५ हून जास्त इनिंग टाकून १९ सामने जिंकत होता. त्या वर्षी तेवढे सामने दुसऱ्या कुणी जिंकले नाहीत. अटलांटा ७६ जिंकलं, ८६ हरलं. २०१७ नंतर पहिल्यांदा पुढच्या फेरीला मुकलं.

गावच्या लीगमध्ये मी पाहिलं आहे. एक गोलंदाज असा असतो की त्याच्या हातात चेंडू दिला की कप्तान पुढचा तासभर निश्चिंत. तो गेला की बाकीचे चौघे जास्त टाकतात, आणि मग त्यांचे खांदे जातात. अटलांटाच्या दुखापती ह्याच एका कारणाने झाल्या असं म्हणणार नाही, पण मला त्या वेगळ्या काढून बघता येत नाहीत.

तुमच्या वडिलांनी मोसंब्यावर मधलं बोट दाबलं ना? बरोबर तिथेच दाबायचं असतं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

---

फातोर्ड्याचा_प्रेक्षक:

तारवटीबाब, २०२० आठवा. फुटबॉलमध्ये आपली एफसी गोवा लीगमध्ये पहिली आली, शील्ड घेतली, आणि मोसम संपल्यावर जाहू, फॉल, बुमू आणि आपला मंदार, चौघेही मुंबईला. लोबेरा प्रशिक्षक म्हणून तिथेच. कोरोही स्पेनला परतला. पुढच्याच वर्षी मुंबईने शील्ड आणि चषक दोन्ही घेतलं. माझ्या धाकट्या भावाने त्या वर्षी मुंबईचे सामने बघितले, "मंदार खेळतो म्हणून". मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नव्हतो. आज त्याचं वाईट वाटतं. मंदार आमच्या पोरांना फातोर्ड्यात खेळताना दिसलेला माणूस. त्याला बघण्यात भावाने काय वाईट केलं?

मी मात्र फातोर्डा सोडला नाही, आणि तुम्हीही अटलांटा सोडू नका.

---

फिजिओ_म्हापसा:

दुसरा प्रश्न माझ्या कामाचा आहे. मी फुटबॉलच्या पोरांचे गुडघे बघते.

अकुन्याच्या दोन्ही दुखापतींत कुणी त्याला धडकलं नव्हतं, हे महत्त्वाचं आहे. २०२४ मध्ये पिट्सबर्गला तो दुसऱ्या बेसवरून तिसऱ्याकडे निघाला, मनात आलं की परत फिरावं, आणि पाय जमिनीत रुतलेला असताना वरचं अंग वळलं. तेवढंच. गुडघ्याच्या मधोमध एक आडवा-तिरपा दोर असतो, नडगीचं हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू नये म्हणून. सरळ धावण्याने तो सहसा तुटत नाही. अचानक थांबून दिशा बदलली की तुटतो. आणि बेस चोरणं म्हणजे दुसरं काय असतं? झेप घेण्याच्या तयारीत राहायचं, पिचरने मान वळवली की क्षणात मागे.

म्हणून ७३ वरून २०२५ मध्ये फक्त ९ चोऱ्या. लोक म्हणाले घाबरला. मला ते शहाणपण वाटतं. ९५ सामन्यांत २१ होमरन, सरासरी .२९०. बेसवर पोचण्याचं प्रमाण .४१७, म्हणजे दहातल्या चार वेळा तो बेसवर. चेंडू सोडून देण्याची त्याची नजर पूर्वीपेक्षा चांगली झाली आहे असं माझं मत. वर्षाअखेर पुनरागमनाचा मान त्यालाच मिळाला. मध्ये पोटरीने थांबवलं होतं, ते मात्र मी गंभीरपणे घेते. गुडघा जपायला लागलो की भार खाली पोटरी-टाचेवर जातो, हे रोज माझ्या टेबलावर दिसतं.

माझ्याकडे येणारी पोरं सहाव्या महिन्यात विचारतात, "ताई, आता खेळू?" चालता येतं, पळता येतं, दुखत नाही. मी त्यांना एका पायावर पायरीवरून खाली उडी मारायला लावते आणि गुडघा आत वळतो का ते मोबाइलवर टिपून त्यांनाच दाखवते. बहुतेकांचा वळतो. अकुन्याला जवळजवळ वर्ष थांबवलं, ते बरोबर केलं.

धावणं कमी करावं का? करावं. निदान दोन वर्षं तरी. दोन्ही गुडघे शिवलेल्या माणसाला तिसरी संधी मागायला लागू नये.

---

न्यूजर्सीहून_माशेलकर:

मी वडिलांच्या बाजूने आहे, आणि त्यांच्या डावऱ्याला डोळ्यांनी बघून आलो आहे, म्हणून लिहितो.

ब्रॉन्क्समध्ये पहिल्या बेसच्या बाजूला बसलो होतो. डावखुरा पिचर टेकडीवर उभा राहिला की त्याचं तोंड पहिल्या बेसकडे असतं, म्हणजे तो थेट आमच्याकडेच बघत होता. बेसवर धावपटू. फ्राइड उजवा पाय उचलतो, गुडघा छातीशी येतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात तो फलंदाजाकडे फेकणार की बेसवर, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. डोळे हलत नाहीत, खांदा हलत नाही. धावपटूने अर्धं पाऊल जास्त टाकलं होतं. चेंडू बेसवर आला, तो धुळीत पालथा पडला आणि बाद. माझ्या शेजारचा म्हातारा टाळ्या वाजवत नुसता मान हलवत होता. टीव्हीवर हे दिसत नाही, कारण कॅमेरा पाठीमागून असतो. २०२५ मध्ये त्याला चौथ्यांदा गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचा मान मिळाला ते अशाच कामासाठी. आधीची तीन अटलांटात, लागोपाठ.

त्याचं वर्ष सोपं गेलं असं समजू नका. मार्चमध्येच यँकीजचा मुख्य पिचर कोल ह्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि पहिल्या पिचरचं ओझं नव्या माणसावर आलं. जुलैत डाव्या तर्जनीला फोड आला. कर्व्हबॉल टाकणाऱ्याला बोटाचा फोड म्हणजे सुताराच्या अंगठ्याला जखम. बॉस्टनविरुद्ध त्याने सहाहून जास्त इनिंग एकही धाव न देता काढल्या, १०२ चेंडू टाकून बाहेर आला, आणि मागून येणाऱ्यांनी सामना घालवला. मग टोरोंटोत त्यालाच सात धावांचा मार बसला. त्या दिवशी तुमचे बाबा बघत होते का?

---

तारवटी_डिचोली:

होय, बघत होते. चौथ्या इनिंगला त्याला बाहेर काढलं, तरी बाबांनी टीव्ही बंद केला नाही. १३-७ होईपर्यंत बसले.

सगळ्यांची उत्तरं मी त्यांना काल रात्री वाचून दाखवली. मोसंब्याचं ऐकून ते खूश झाले आणि दोनदा वाचायला लावलं. फिजिओताईंचं ऐकून म्हणाले, "त्या पोराला सांगा कोणीतरी." अकुन्याबद्दल ते पहिल्यांदाच काही बोलले.

मग मी त्यांना सरळ विचारलं की तुम्ही अटलांटा का सोडलं. मी "फ्राइड सोडून गेला" असं म्हणालो होतो, ते त्यांना लागलं असावं. २०१२ मध्ये खाणी पहिल्यांदा थांबल्या तेव्हा त्यांच्या बार्जवर सातजण होते. दोघे परराज्यात गेले, एक आखाताला, एकाने रिक्षा घेतली. "त्यांना आम्ही सोडून गेले म्हणालो नाही. काम तिथे होतं, म्हणून तिथे गेले. तू नाही जात?" मी जातो. वर्षातले आठ महिने जातो. मला पुढे बोलता आलं नाही.

मध्यमगती, तुमचं म्हणणं त्यांना पटलं, पण अर्धं. त्यांचं म्हणणं, अटलांटा चुकलं ते हाताची किंमत करण्यात नव्हे. ज्याने मोडक्या घोट्यावर तुम्हाला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली त्याला तुम्ही हिशेबाच्या वहीत टाकलं, तिथे. घोटा मोडला नव्हता, नुसता मुडपला होता, असं मी सांगून बघितलं. त्यांनी ऐकलं नाही.

तर ठरलं असं. फ्राइडची पाळी असेल त्या पहाटे टीव्ही त्यांचा, मी मोबाइलवर कानात समालोचन लावून अटलांटा ऐकणार. उरलेले चार दिवस ते माझ्याबरोबर बसणार, "तो गुडघेवाला" बघायला. हे त्यांनी आपणहून म्हटलं.

एकच अडचण राहिली. फेब्रुवारीत मी जहाजावर चढतो आणि मोसम मार्चअखेर सुरू होतो. पाळी कुठल्या दिवशी ते मीच शोधून सांगायचो. बाबांना अ‍ॅपमधलं इंग्रजी वाचायला त्रास होतो, आणि जहाजावरून मला रोज नेट मिळेलच असं नाही.

---

न्यूजर्सीहून_माशेलकर:

ते माझ्यावर सोडा. कोण कधी टाकणार ते इथे दोन-तीन दिवस आधी जाहीर होतं. मी मराठीत लिहून पाठवत जाईन, आपल्याकडची वेळ लावून. इथला सात-पाचचा सामना म्हणजे तुमच्याकडे पहाटेचे चार-पस्तीस. पाऊस पडला किंवा पाळी एक दिवस पुढे ढकलली तर तेही कळवीन, म्हणजे ते उगाच उठून बसणार नाहीत. मला खाजगीत निरोप टाका.

---

तारवटी_डिचोली:

टाकला. देव बरें करूं.

नवीन कालनिर्णय कालच लावलं. मार्चचं पान उलटून बाबांनी पेन्सील तिथेच खिळ्याला दोऱ्याने बांधून ठेवली आहे.